झाडाची जात कुठे असते?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, लास व्हेगासच्या उत्तरेला, तिकाबू नावाचं एक खोरं आहे. दोन डोंगररांगांच्या मधला रुंद, सपाट, कोरडा पट्टा. झुडपं खुरटी, पाऊस नावापुरता. या खोऱ्यात उंच म्हणावं असं एकच झाड वाढतं, जोशुआ ट्री. पश्चिमेकडची झाडं पाहिली तर एक खोड सरळ वर जातं, फांद्या बऱ्याच उंचीवर सुरू होतात आणि पानं लांब असतात. पूर्वेकडची झाडं ठेंगणी. जमिनीपासून थोड्याच उंचीवर ती दुभंगतात, प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो, पानं आखूड. मधल्या अरुंद पट्ट्यात दोन्ही तऱ्हेची झाडं शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांच्यात काही अशीही आहेत, की त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हे पश्चिमेचं’ किंवा ‘हे पूर्वेचं’ असं सांगताना जाणकारही थबकतो.

ही एक जात की दोन?

वनस्पतिशास्त्रातला प्रश्न आहे, तेव्हा उत्तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी द्यावं, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि त्यावर भारतात नैयायिक, मीमांसक, बौद्ध आणि जैन शतकानुशतकं वाद घालत आले. जात नावाची वस्तू जगात खरोखर असते का? असली तर ती राहते कुठे? एकेका झाडात, सगळ्या झाडांत मिळून, की पाहणाऱ्याच्या बुद्धीत? मोहावीच्या वाळवंटातलं हे काटेरी झाड त्या जुन्या वादाला एक चांगला साक्षीदार मिळवून देतं.

जोशुआ ट्री म्हणजे युक्का. शतावरीच्या कुळातलं, आणि आपल्याकडे बांधावर लावतात त्या घायपाताचं जवळचं नातेवाईक. कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा आणि ॲरिझोना या चार राज्यांत पसरलेलं मोहावी वाळवंट हा त्याचा मुलूख. वर्षाकाठी ते काही सेंटिमीटर वाढतं. एकदल असल्यामुळे खोडात वर्षावर्षाची वलयं पडत नाहीत, म्हणून त्याचं वय उंचीवरून अदमासानेच सांगावं लागतं. काविया लोक त्याच्या पानांच्या वाखापासून वहाणा आणि टोपल्या करत, फुलं आणि बिया खात. 1844 साली तिथून गेलेल्या जॉन फ्रेमाँट या शोधप्रवाशाला मात्र ते अत्यंत किळसवाणं वाटलं आणि त्याने तसं लिहून ठेवलं. पुढे आलेल्या मॉर्मन पंथीयांना त्याच्या वर उचललेल्या फांद्यांत बायबलमधला जोशुआ दिसला आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

शास्त्रीय नाव त्याला 1871 मध्ये मिळालं. सेंट लुइसमध्ये डॉक्टरकी करणारा जॉर्ज एंगलमन हा जर्मनीत जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने या झाडाला ‘युक्का ब्रेविफोलिया’ म्हटलं. तेव्हा सगळी झाडं एकाच नावाखाली होती. सुसान डेलानो मॅक्केल्वी या बाईंनी नैर्ऋत्य अमेरिकेतल्या युक्कांवर दोन खंड लिहिले, पहिला 1938 मध्ये, दुसरा 1947 मध्ये. त्यासाठी हिंडताना पूर्वेकडच्या ठेंगण्या झाडांचं वेगळेपण त्यांच्या नजरेत भरलं. 1935 मध्ये त्यांनी त्या झाडांना त्याच जातीचा एक प्रकार मानलं आणि वाळवंटाचे अभ्यासक एडमंड येगर यांच्या सन्मानार्थ त्याला ‘येगरियाना’ असं नाव दिलं. पश्चिम टोकाला, जमिनीखालच्या खोडातून कोंब काढून झुबक्याने वाढणारी झाडं होती. त्यांनाही ‘हर्बर्टाय’ असं वेगळं नाव पडलं. मग 2007 मध्ये ली लेन्झ या अभ्यासकाने पूर्वेकडच्या झाडांना बढती दिली. फुलांची ठेवण वेगळी, फांद्या फुटण्याची रीत वेगळी, परागण करणारा पतंग वेगळा. तेव्हा ही स्वतंत्र जात आहे आणि तिचं नाव ‘युक्का येगरियाना’, असं त्याचं म्हणणं. पुष्कळांनी ते मानलं. काहींच्या लेखी मात्र ही अजून एकच जात आहे.

आधी एक जात, मग एका जातीचे प्रकार, मग दोन जाती. या सगळ्या काळात झाडं जिथल्या तिथे उभी होती.

युरोपातल्या विचारवंतांकडे एकेकाळी याचं ठाम उत्तर होतं. बायबलच्या उत्पत्तीच्या ग्रंथात देवाने झाडंझुडपं आपापल्या जातीप्रमाणे निर्माण केली, असं आहे. कार्ल लिनेअसने 1753 च्या ग्रंथात युक्काच्या चार जाती नोंदवल्या, तेव्हा त्याच्या मनात जाती म्हणजे देवाने आरंभी घडवलेले साचे होते. पुढे स्वतःच पाहिलेल्या विचित्र फुलांनी आणि संकरांनी त्याच्या या खात्रीला तडा गेला, ही गोष्ट वेगळी आणि त्याच्या प्रामाणिकपणाला शोभणारी. हार्वर्डचा लुई अगासी तर 1857 मध्येही म्हणत होता की जाती म्हणजे ईश्वराच्या मनातले विचार. त्यानंतर दोनच वर्षांनी डार्विनचा ग्रंथ आला. निसर्गात प्रकार आणि जात यांच्यामध्ये पक्की भिंत नाही, प्रकार म्हणजे जन्माला येऊ घातलेली जात, असं त्याने अनेक उदाहरणांनी मांडलं. पण त्यातून एक पेच उरला तो उरलाच. भिंत पक्की नसेल, तर ती मुळी नाहीच असं म्हणायचं का?

न्याय-वैशेषिकांचं उत्तर ‘जात आहे’ असं स्वच्छ आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ संस्कृत पाठशाळांमधून आजही शिकवला जातो. त्यात सामान्याचं, म्हणजे जातीचं, लक्षण असं सांगितलं आहे: ते एक असतं, नित्य असतं आणि अनेकांमध्ये राहतं. गाई जन्मतात आणि मरतात, गोत्व जन्मत नाही आणि मरत नाही. ते बुद्धीने रचलेलं नाही, ते प्रत्येक गाईत समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहतं, आणि म्हणूनच कधी न पाहिलेली गाय समोर आली तरी ‘ही गाय’ असं ज्ञान होतं. या मताची ताकद नाकारता येत नाही. जगात नुसती सुटी सुटी माणसं, झाडं आणि दगड असतील, त्यांच्यात खरं साम्य काहीच नसेल, तर आपण एकमेकांशी बोलतो तरी कशाच्या आधारावर?

पण नैयायिक भाबडे नव्हते. लोक ज्याला ज्याला एक नाव देतात, तिथे तिथे जात असते असं मानलं, तर जातींचा सुकाळ होईल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून उदयनाचार्यांनी, दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, ‘जातिबाधक’ सांगितले: अशा सहा अडचणी, की ज्यांपैकी एक जरी आली तरी तो गुणधर्म जात ठरत नाही. त्यातली एक अडचण म्हणजे संकर. दोन गुणधर्म असे, की पहिला काही ठिकाणी दुसऱ्यावाचून आढळतो, दुसरा काही ठिकाणी पहिल्यावाचून आढळतो आणि काही ठिकाणी मात्र दोन्ही एकत्र नांदतात. तर त्यांना खऱ्या जाती म्हणता येत नाही. त्यांचं परंपरागत उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व यांचं. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी, पाणी, तेज, वायू हे दोन्ही आहेत. अशा वेळी तो गुणधर्म नुसती उपाधी ठरतो, आपण सोयीसाठी लावलेली ओळख.

उदयनाचार्यांच्या मनात इथे झाडांचं संकरित बियाणं नव्हतं, त्यांचा मुद्दा वर्गीकरणाच्या तर्काचा होता. तरी त्यांची कसोटी तिकाबूला नेऊन पाहावी. पश्चिमेकडच्या झाडांची लक्षणं पूर्वेकडे नाहीत, पूर्वेकडची पश्चिमेकडे नाहीत. आणि मधल्या पट्ट्यात, दोन्हीकडची थोडीथोडी लक्षणं घेतलेली झाडं उभी आहेत. जनुकांच्या तपासणीतही ती खरोखरच दोन्हींची संतती असल्याचं दिसून आलं. त्याहून अवघड बाब अशी की हरितलवकातला डीएनए ज्या रेषेने झाडं वाटतो, ती रेषा देहाच्या ठेवणीवरून काढलेल्या रेषेशी नेमकी जुळत नाही. म्हणजे ज्या साक्षीदाराला विचारावं तो थोडी वेगळी सीमा दाखवतो. उदयनाचार्यांच्या कसोटीने इथली दोन्ही नावं उपाधीत जमा होतील. नित्य, एक, अनेकांत राहणारं असं ‘येगरियानात्व’ तिकाबूत सिद्ध करता येत नाही. लेन्झने नव्या जातीची घोषणा केली म्हणून ते सिद्ध होत नाही, आणि एंगलमनने एकच नाव दिलं होतं म्हणून ‘ब्रेविफोलियात्व’ही सिद्ध होत नाही.

हा वाद आपल्याकडे फक्त गाईंवर आणि घटांवर झाला नाही. ब्राह्मणत्व ही गोत्वासारखी खरी जात आहे का, हा त्याच वादाचा पोटप्रश्न होता आणि तोच सगळ्यात जास्त पेटलेला होता. कुमारिल भट्ट ती खरी मानत. त्यांच्याच मीमांसेतले प्रभाकराचे अनुयायी मानत नसत. बौद्धांनी तर ती कल्पना मुळापासून उपटायचा प्रयत्न केला. धर्मकीर्तीने सातव्या शतकात बुद्धी गहाण पडल्याच्या ज्या खुणा मोजल्या, त्यांत जन्मजातीचा गर्व ही एक आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे तत्त्वज्ञान परकं वाटायचं कारण नाही. सामान्य खरं की कल्पित, या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांना पाणवठ्यावर येऊ द्यायचं की नाही हे ठरलेलं आहे.

त्याच संदर्भात सुत्तनिपातातलं वासेट्ठसुत्त पुन्हा वाचावं. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपात मराठीत आणला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन बुद्धाकडे येतात. बुद्ध उत्तराला सुरुवात करतो ती गवतापासून आणि झाडांपासून. मग किडे, पतंग, मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी. या सगळ्यांमध्ये जन्माने येणारं वेगळेपण त्यांच्या अंगावरच दिसतं. माणसांमध्ये तसं जन्मसिद्ध चिन्ह नाही, असं तो सांगतो. माणसांविषयीचा त्याचा निष्कर्ष बिनतोड आहे. पण त्या युक्तिवादाची पहिली पायरी, म्हणजे झाडांची आणि पतंगांची जात त्यांच्या अंगावर लिहिलेली असते, ही तिकाबूत तपासून पाहण्याजोगी आहे, कारण इथे झाड आणि पतंग दोघेही हजर आहेत.

युक्काचा पतंग हा सृष्टीतल्या मोठ्या नवलांपैकी एक. मिसुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली याने एंगलमनच्या सांगण्यावरून 1870 नंतरच्या दोनतीन वर्षांत त्याचं वागणं बारकाईने पाहिलं. डार्विनला ते वृत्त परागणाच्या सगळ्या प्रकाशित हकिगतींत सर्वांत अद्भुत वाटलं होतं. मादी पतंगाच्या तोंडाजवळ विशिष्ट सोंडा असतात. त्यांनी ती एका फुलातले पराग गोळा करते, त्यांची गोळी करून हनुवटीखाली धरते आणि दुसऱ्या फुलावर जाते. तिथे बीजांडांपाशी अंडी घालते, मग कुक्षीवर चढून आणलेले पराग तिच्यात दाबून भरते. बाकीचे कीटक अन्न शोधताना अंगाला लागलेले पराग नकळत इकडून तिकडे नेतात. या पतंगाचा प्रौढ जीव काही खातही नाही. पराग नेणं हे त्याचं मुद्दाम केलेलं काम आहे. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या पिकतात. या पतंगावाचून झाडाला बी धरत नाही आणि या झाडावाचून पतंगाची पुढची पिढी नाही.

जोशुआ ट्रीवर फार काळ एकाच जातीचा पतंग मानला जाई. रायलीने 1892 मध्ये नोंदवलेल्या त्या पतंगाचं आजचं नाव ‘टेगेटिक्युला सिंथेटिका’. 2003 मध्ये ओले पेल्मिर आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं की पूर्वेकडच्या झाडांवर वेगळा, आकाराने लहान पतंग आहे. त्याचं नाव ‘टेगेटिक्युला अँटिथेटिका’. जोशुआ ट्रीच्या फुलात मादी आपली अंडी घालायची नळी कुक्षिवृंतातून खाली बीजांडांपर्यंत नेते. पश्चिमेकडच्या फुलाचा हा वृंत लांब, तिथल्या पतंगाची नळीही लांब. पूर्वेकडे दोन्ही आखूड. तिकाबूत, जिथे दोन्ही झाडं आणि दोन्ही पतंग एकत्र आहेत, तिथे प्रत्येक पतंग आपल्या झाडावर अधिक वेळा सापडतो. परक्या झाडावरही तो जातो, पण तिथे त्याचं बस्तान तितकं बसत नाही.

इथे धर्मकीर्ती उपयोगी पडतो. जातीचा निषेध केल्यावर त्याच्यासमोर नैयायिकांनी टाकलेला प्रश्न होताच: समान काहीच नसेल तर निरनिराळ्या वस्तूंना एक नाव का पडतं? त्याचं उत्तर त्याने वनस्पतींच्याच उदाहरणाने दिलं. गुळवेल आणि तिच्यासारख्या इतर औषधी ताप उतरवतात. त्या सगळ्यांमध्ये ‘ज्वरहरत्व’ नावाचं एकच नित्य तत्त्व घुसून बसलेलं नाही. त्या वेगवेगळ्याच आहेत. पण त्या जे कार्य घडवतात ते सारखं आहे आणि जे तसं कार्य घडवत नाहीत त्यांच्यापासून त्यांना वेगळं काढता येतं. वस्तू खरी असण्याची त्याची कसोटी ‘अर्थक्रिया’ ही आहे, म्हणजे काहीतरी घडवून आणण्याचं सामर्थ्य. साम्य असतं, ते कार्यातून सिद्ध होतं. त्यासाठी वस्तूंच्या पाठीमागे आणखी एक अदृश्य वस्तू मानावी लागत नाही.

मोहावीतला पतंग हेच करतो. त्याला एंगलमन माहीत नाही, मॅक्केल्वी माहीत नाहीत. आपली नळी बीजांडांपर्यंत पोचते की नाही, अंड्यातून अळी निघते की नाही, एवढ्यावर त्याच्या पुढच्या पिढीत वाटणी होत जाते. ही वाटणी माणसाने सोयीसाठी केलेली नाही. म्हणून ‘जात ही केवळ आपली कल्पना’ असं म्हणणाऱ्यांनाही हे खोरं गप्प करतं. दोन तऱ्हेच्या झाडांमधला फरक खरा आहे, कारण तो काहीतरी घडवून आणतो. पण तो फरक कुठल्याही एका झाडाच्या अंगात पूर्णपणे सापडत नाही. तो झाड आणि पतंग यांच्या व्यवहारात आहे. वासेट्ठसुत्तातल्या त्या पहिल्या पायरीत एवढी दुरुस्ती करावी लागते, आणि ती केल्याने बुद्धाचा मूळ मुद्दा कमकुवत होण्याऐवजी बळकटच होतो. झाडाची ओळखही ज्या अर्थी दुसऱ्या जिवाशी असलेल्या संबंधात घडते, त्या अर्थी माणसाची ओळख त्याच्या जन्मात कोरलेली आहे असं म्हणायला आणखीच कमी जागा उरते.

तरीही धर्मकीर्तीच्या मतात एक उणीव राहते. त्याच्या लेखी खरं ते फक्त क्षणाक्षणाचं, एकटं, अद्वितीय स्वलक्षण. काळातून वाहत येणारं नातं त्याच्या हिशेबात दुय्यम ठरतं. जैन तार्किकांनी इथे एक देखणा भेद केला आहे. माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुखा’त सामान्य दोन तऱ्हेचं सांगितलं आहे. एक तिर्यक्, आडवं: एकाच वेळी अनेक व्यक्तींमध्ये दिसणारं साम्य, जसं वेगवेगळ्या गाईंमधलं. दुसरं ऊर्ध्वता, उभं: एकच द्रव्य आधीच्या आणि नंतरच्या अवस्थांतून टिकून राहतं ते, जशी मडकं घडताना प्रत्येक आकारात असलेली माती. ही मांडणी एकेका द्रव्यापुरती आहे. ती वंशाला लावणं हे पुढचं पाऊल, पण ते टाकण्याजोगं आहे. लिनेअस ते लेन्झ, सगळे जात शोधत होते ती आडवी; पान किती लांब, फाटा कितीव्या हातावर. डार्विननंतरचं जीवशास्त्र हळूहळू उभ्या सामान्याकडे वळलं. 1974 मध्ये मायकेल गिझेलिन या अभ्यासकाने तर असं मांडलं की जीवजात म्हणजे सामान्य नव्हेच, ती काळात जन्मणारी, पसरणारी आणि मरणारी एकेक व्यक्ती आहे. एकेक झाड हा तिचा नमुना नसून तिचा अवयव आहे. न्यायाची नित्य जात सोडून द्यायची आणि तरी जातीचं खरेपण राखायचं, तर हाच मार्ग सगळ्यात सरळ दिसतो.

मग निदान व्यक्ती तरी पक्की आहे का? जात संशयास्पद, पण समोरचं एक झाड तर निःसंशय एक, असं बहुतेक जण गृहीत धरतात. ज्याला ‘हर्बर्टाय’ नाव पडलं, ती झुबक्याने वाढणारी झाडं हाही आधार काढून घेतात. जमिनीखालून एका खोडाची दहा खोडं होतात. वरून पाहिलं तर छोटी राई, खाली पाहिलं तर एकच शरीर. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये पश्चिमेकडच्या जोशुआ ट्रीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा कायद्याला हा प्रश्न टाळता आला नाही. झाड काढायचं तर परवाना आणि उंचीनुसार शुल्क. मग एक झाड म्हणजे किती? कायद्याने ठरवलं, की जमिनीतून वर आलेलं प्रत्येक खोड हे एक झाड, शेजारचं खोड कितीही जवळ असो. जैनांनी हा प्रश्न धर्माच्या अंगाने फार पूर्वी विचारला होता. त्यांनी वनस्पतींचे ‘प्रत्येक’ आणि ‘साधारण’ असे भाग केले: काहींच्या एका शरीरात एक जीव, काहींच्या एका शरीरात अनंत जीव. मोहावीतल्या झुबक्यात उलट परिस्थिती आहे, वंश एक आणि शरीरं अनेक. पण आघात करण्याआधी ‘इथे जीव किती’ हे विचारायचं, ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे आणि ती आदरणीय आहे.

आता प्रश्न उरतो तो जपायचं काय, याचा. बायबलमधल्या नोहाच्या तारवात प्रत्येक जातीची जोडी चढते. त्यामागे एक विश्वास आहे: जोडी वाचली की जात वाचली, कारण जात त्या दोघांत संपूर्ण आहे. झाडं त्या तारवात चढली नव्हती, पण जगभरच्या संरक्षणविचारावर या कथेची छाया आहे. जोशुआ ट्रीला हा हिशेब लागू होत नाही. त्याच्याबरोबर पतंग हवा, आणि तोही योग्य लांबीच्या नळीचा. शिवाय हजारो ठिकाणची, थोडीथोडी वेगळी झाडं हवीत. याच्या बिया एकेकाळी शास्ता ग्राउंड स्लॉथ नावाचा मोठा सस्तन प्राणी खाई. नेवाडातल्या जिप्सम गुहेत त्याच्या वाळलेल्या शेणात या झाडाचे अंश सापडले आहेत. तो प्राणी हिमयुगाच्या शेवटी नामशेष झाला. आता बिया नेतात ते उंदीर-खारी, तेही थोड्याच अंतरावर. हवा तापत असताना झाडाला उत्तरेकडे किंवा उंचावर लवकर सरकता येत नाही. जिथे आहे तिथेच टिकायचं तर त्याच्याजवळ एकच भांडवल आहे, ते म्हणजे आपापसांतला फरक. जात साच्यात राहते असं मानणाऱ्याला हा फरक म्हणजे साच्यातली चूक वाटेल. जात वंशप्रवाहात राहते असं मानलं, तर तो फरक हाच तिचा देह ठरतो, आणि तिकाबूची नाव न ठरलेली झाडं त्या देहाचा मोलाचा भाग ठरतात. या लेखाचा कौल निःशंकपणे दुसऱ्या बाजूला आहे.

नावाची किंमत किती खरी असते, ते कॅलिफोर्नियातच सिमा डोम नावाच्या उंचवट्यावर दिसलं. ऑगस्ट 2020 मध्ये तिथे वीज पडून वणवा लागला. सुमारे 43,000 एकर जळालं आणि अंदाजे 13 लाख जोशुआ ट्री गेले. जगातल्या सगळ्यात दाट जोशुआ ट्रीच्या रानांपैकी ते एक होतं, आणि हवामान बदलल्यावरही ही झाडं जिथे तग धरतील अशी आशा होती, त्या जागांपैकीही एक. ही झाडं पूर्वेकडच्या तऱ्हेची. 2023 चा कायदा फक्त पश्चिमेकडच्या जातीचं नाव घेतो. सिमा डोमची जमीन संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, त्यामुळे तिथे रक्षणाची दुसरी व्यवस्था आहे. पण त्याच राज्यात खाजगी जमिनीवर उभ्या असलेल्या पूर्वेकडच्या झाडाला हा कायदा लागू होत नाही. संघराज्याच्या वन्यजीव खात्याने 2019 मध्ये दोन वेगळ्या जाती धरूनच विचार केला आणि दोन्हींना धोक्यातल्या यादीत घ्यायला नकार दिला. त्यावरचे वाद न्यायालयात गेले.

सिमा डोमवर वणव्यानंतर स्वयंसेवकांनी रोपं लावायला सुरुवात केली. दूरच्या जागी पाणी न्यायला उंटही आणले गेले. बरीच रोपं जगली नाहीत, ससे-उंदरांनी खाल्ली किंवा वाळून गेली. लावणं तरी चालू राहिलं. दरम्यान वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या बियांची रोपं एकाच वाफ्यात वाढवून, कोणता गुण बीजाचा आणि कोणता जागेचा, हे तपासण्याचे प्रयोगही मोहावीत होत आहेत. ही कामं करणाऱ्यांपुढचा प्रश्न रोजचा आणि ताबडतोबीचा आहे. जळालेल्या जागी त्याच उंचवट्यावरच्या झाडांचं बी पेरायचं, की याहून उष्ण जागी तगलेल्या झाडांचं? दुसरं आणलं तर तिथला पतंग त्याच्या फुलाला चालेल का? आणि तीस-चाळीस वर्षांनी ते झाड पहिल्यांदा फुलेल, तेव्हा तिथे उभी असलेली ती सिमा डोमचीच जात म्हणायची का?